आपल्याच टीमकडून ईआरपीत बदल करायचे असतील, तर डेव्हलपर लायसन्स कसं निवडावं

ईआरपी, म्हणजे कंपनीची खरेदी, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यात आपणच बदल करायला डेव्हलपर लायसन्स घ्यायचं ठरलं की पहिला फोन व्हेंडरच्या, म्हणजे ते सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या, सेल्स विभागाला जातो, आणि क्रम तिथेच चुकतो. नक्की काय बदलायचंय हे ठरलेलं नसतं, पण कोटेशन आलेलं असतं. मग सहा महिन्यांनी कळतं, की घेतलेल्या लायसन्सवर कोड लिहिता येतो, पण तो लाइव्हवर, म्हणजे रोजचं खरं काम चालतं त्या सिस्टिमवर, चढत नाही. किंवा चढतो, पण साध्या युजरला उघडत नाही.

गोंधळाचं मूळ एकच आहे. ‘डेव्हलपर लायसन्स’ या एका नावाखाली तीन वेगळे हक्क येतात:

१. लिहिण्याचा हक्क: एडिटर, कंपायलर, डेव्हलपर म्हणून लॉगिन.
२. बदलण्याचा हक्क: मूळ सॉफ्टवेअरच्या कुठल्या भागाला हात लावता येतो, आणि नवीन टेबल, स्क्रीन, रिपोर्ट कुठे आणि किती जोडता येतात.
३. चालवण्याचा हक्क: तयार झालेला बदल लाइव्ह सिस्टिमवर कोणी आणि किती जणांनी वापरायचा.

पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे तीन प्रश्न सुटे सुटे विचारा. एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून उरलेल्या दोघांचंही तसंच असेल, असं धरून चालू नका.

## टप्पा १: आधी बदलांची यादी, मग लायसन्सचं नाव

एक साधी शीट घ्या. दर ओळीला एक बदल. रकाने चारच: काय बदलायचं, कोण वापरणार, माहिती सिस्टिमबाहेर जाते का, आणि मूळ कोडला हात लावावा लागतो का.

चौथा रकाना भरायला खरा वेळ लागतो. एक उदाहरण घेऊ. विक्री विभाग म्हणतो, ‘उधारीची मर्यादा ओलांडलेल्या ग्राहकाची डिलिव्हरी नोट मॅनेजरच्या मंजुरीशिवाय छापली जाऊ नये.’ वाक्य एकच, पण ते तीन पातळ्यांवर पूर्ण होऊ शकतं. सिस्टिममध्ये मंजुरीची साखळी आधीपासून असेल, तर हे निव्वळ सेटिंग आहे आणि त्याला डेव्हलपर लायसन्स लागतच नाही. मर्यादेत अजून बिल न झालेल्या ऑर्डरीही धरायच्या असतील, तर छपाईच्या आधी चालणारा छोटा जोडकोड लिहावा लागेल. त्याला एक्स्टेन्शन म्हणा. आणि व्हेंडरने त्या जागी जोडकोड अडकवायची सोयच ठेवलेली नसेल, तर व्हेंडरचा मूळ कोडच बदलावा लागेल. तिथे लायसन्स वेगळं, सपोर्टच्या अटी वेगळ्या आणि पुढच्या अपग्रेडचा त्रासही वेगळा.

म्हणून प्रत्येक ओळीसमोर चारपैकी एक शब्द लिहा: सेटिंग, एक्स्टेन्शन, मूळ फेरफार, किंवा बाहेरची जोडणी. बाहेरची जोडणी म्हणजे वेबसाइट, मोबाइल ॲप किंवा दुसरं सॉफ्टवेअर आपल्या ईआरपीतून माहिती घेणार किंवा त्यात माहिती टाकणार.

तपासा: ‘मूळ फेरफार’ असलेली प्रत्येक ओळ मागणी करणाऱ्या माणसासमोर परत वाचा. ‘एक्स्टेन्शनमध्ये एवढं होईल, तेवढं होणार नाही, चालेल का?’ असं थेट विचारा. बऱ्याचदा चालतं. यादीतून वगळलेला प्रत्येक मूळ फेरफार दर अपग्रेडला तुमची मेहनत वाचवतो.

सावधान: यादीत जवळजवळ सगळी सेटिंगच निघाली, तर इथेच थांबा. तुम्हाला डेव्हलपर लायसन्सची नव्हे, तर ॲडमिनच्या चांगल्या प्रशिक्षणाची गरज आहे.

## टप्पा २: माणसं आणि सर्व्हर मोजा

कोड लिहिणारे किती, हा आकडा सगळे सांगतात. पण लायसन्स मागणारे तेवढेच नसतात. कोड तपासणारा, टेस्टिंग करणारा, रात्री आपोआप बिल्ड करणारं (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणारं) सर्व्हिस खातं, अधूनमधून येणारा कंत्राटी डेव्हलपर, हे सगळे मोजा. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहिण्याच्या साधनाच्या सबस्क्रिप्शनचंच घ्या. त्यातलं सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगसाठी वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला स्वतःचं सबस्क्रिप्शन लागतं. शेवटची मान्यता देण्यासाठी किंवा अभिप्राय देण्यासाठी येणाऱ्या वापरकर्त्यांना सूट आहे. पण रोज बसून टेस्टिंग करणारा माणूस त्या सवलतीत बसत नाही. ‘तो फक्त टेस्ट करतो’ म्हणून त्याला वगळणं, ही फार जुनी चूक आहे.

मग सर्व्हर. डेव्हलपमेंट, टेस्ट, लाइव्ह आणि बॅकअप म्हणून उभा ठेवलेला, अशी चार चौकटींची आकृती काढा. प्रत्येक चौकटीवर तीन गोष्टी लिहा: कुठलं लायसन्स चालतंय, डेटा खरा आहे की बनावट, आणि कोण लॉगिन करतं.

क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये याच जागी सॅन्डबॉक्सचा, म्हणजे लाइव्हपासून वेगळ्या ठेवलेल्या चाचणीच्या प्रतीचा, हिशेब येतो. सेल्सफोर्स या विक्री सांभाळणाऱ्या क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये डेव्हलपर सॅन्डबॉक्सला २०० एमबी डेटा मिळतो, डेव्हलपर प्रोला १ जीबी आणि पार्शल कॉपीला ५ जीबी. फुल सॅन्डबॉक्समध्ये लाइव्हएवढी जागा असते, पण तो पुन्हा ताजा करायला २९ दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. महिनाअखेरच्या बिलिंगचा बदल खऱ्या आकाराच्या डेटावर तपासायचा असेल, तर २०० एमबीत ते होणार नाही. कुठला सॅन्डबॉक्स हवा, हे टप्पा १ मधली यादीच सांगते.

## टप्पा ३: तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या पद्धतीत मोडतं ते ओळखा

लायसन्सची नावं दर व्हेंडरकडे निराळी असतात, मोजण्याच्या पद्धती मात्र मोजक्याच. आपली पद्धत ओळखली की कोटेशन वाचणं सोपं जातं.

ऑब्जेक्ट, म्हणजे टेबल, स्क्रीन, रिपोर्ट असे सुटे भाग, मोजणारी पद्धत. मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स नॅव्ह हे ईआरपी आणि त्यानंतरचं बिझनेस सेंट्रल हे याचं ठळक उदाहरण. ग्राहकाच्या स्वतःच्या बदलांसाठी ५०,००० ते ९९,९९९ हा क्रमांकांचा पट्टा राखलेला असतो. आपल्या सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्तीत त्यातले कुठले क्रमांक आपल्याला वापरता येतात, हे लायसन्स फाइल ठरवते. इथे ठेच कशी लागते, ते मी जवळून पाहिलंय. बाहेरच्या पार्टनरने (व्हेंडरच्या भागीदार कंपनीने) त्याच्या लायसन्सवर टेबल आणि रिपोर्ट बनवून दिले, त्याच्या मशीनवर सगळं सुरळीत चाललं. लाइव्हवर चढवल्यावर पहिल्याच युजरला परवानगी नसल्याचा संदेश आला. पार्टनरच्या लायसन्सचा पट्टा मोठा होता आणि आमच्या फाइलमध्ये ते क्रमांक नव्हतेच. दोन दिवस आम्ही युजरच्या परवानग्या तपासत बसलो. दोष युजरच्या रोलमध्ये नव्हता, तो लायसन्स फाइलमध्ये होता.

जुन्या आवृत्त्यांवर असलेल्यांसाठी आणखी एक. सी-साइड हे जुनं डेव्हलपमेंट साधन बिझनेस सेंट्रलच्या १४ व्या आवृत्तीपर्यंतच होतं. ऑक्टोबर २०१९ च्या १५ व्या आवृत्तीपासून ते गेलं आणि काम व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये, एएल भाषेत होऊ लागलं. तेव्हा आज सी-साइडसाठी लायसन्स वाढवण्याआधी अपग्रेड कधी करणार, हे ठरवा. नाहीतर बंद झालेल्या साधनावर पैसे जातील.

नाव लावून दिलेला डेव्हलपर. एसएपी या ईआरपी कंपनीच्या जुन्या ईसीसी सिस्टिममध्ये प्रत्येक डेव्हलपरची नोंद करून त्याची की (परवानगीचा क्रमांक) घ्यावी लागे, आणि एसएपीच्या मूळ ऑब्जेक्टमध्ये फेरफार करायचा तर त्या ऑब्जेक्टची वेगळी की. स्वतःचे ऑब्जेक्ट झेड किंवा वाय या अक्षराने सुरू करायचे. त्यानंतरच्या एस-फोर हानामध्ये या की लागत नाहीत. यावरून ‘आता डेव्हलपरचं लायसन्सच लागत नाही’ असा निष्कर्ष काढणारे मला अनेक भेटले. तो चुकीचा आहे. की हे तांत्रिक कुलूप होतं. युजरचा प्रकार कुठला आणि त्याचे पैसे किती, हे करारात लिहिलेलं असतं. कुलूप निघालं म्हणून करार बदलत नाही.

वातावरणावर मोजणारं सबस्क्रिप्शन. इथे कोड लिहायला वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. किती सॅन्डबॉक्स, केवढी जागा आणि एपीआयचे (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी माहितीची देवाणघेवाण करायच्या दाराचे) किती कॉल, यावर हिशेब होतो. तुमच्या योजनेत स्वतःचा कोड चढवायची मुभा आहे का, हे आधी बघा. ओडू या ईआरपीच्या ऑनलाइन सेवेत पायथॉन भाषेत स्वतः लिहिलेलं मॉड्यूल चढवता येत नाही. त्यासाठी ओडूचीच ओडू डॉट एसएच ही वेगळी सेवा किंवा स्वतःचा सर्व्हर लागतो. हे न बघता वर्षाचे पैसे भरून बसलेल्या टीमपुढे सगळं हलवण्यावाचून मार्ग उरत नाही.

मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. इथे लायसन्स फी नसली तरी अटी असतात. ओडूची कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएल ३ या मुक्त लायसन्सखाली आहे, तर एंटरप्राइझ आवृत्तीला स्वतंत्र मालकी लायसन्स आहे. ईआरपीनेक्स्ट हे दुसरं मुक्त ईआरपी जीपीएल ३ या लायसन्सखाली येतं, पण ते ज्या फ्रापे फ्रेमवर्कवर उभं आहे त्याला एमआयटी लायसन्स आहे. एकाच सर्व्हरवर दोन निरनिराळ्या अटी नांदत असतात, म्हणून प्रत्येक मॉड्यूलची लायसन्स फाइल उघडून वाचा.

जीपीएलबद्दलची भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. आपल्याच कंपनीत वापरण्यासाठी केलेला बदल जगाला उघड करण्याचं बंधन जीपीएल घालत नाही. प्रत दुसऱ्याच्या हाती दिली की मात्र बंधन येतं. एजीपीएल या जीपीएलच्या भावंड लायसन्सचं तसं नाही. बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स (लिहिलेला कोड) मिळण्याची सोय ठेवावी लागते. म्हणजे एजीपीएलचं मॉड्यूल बदलून त्यावर वितरकांसाठी पोर्टल उघडलंत, तर त्या वितरकांना बदललेला सोर्स मागता येतो. आणि सहयोगी कंपनीला प्रत देणं हे ‘आपल्याच घरात’ धरायचं की नाही, हा प्रश्न वकिलाला विचारा. डेव्हलपरने तो आपल्या अंदाजाने सोडवू नये.

तपासा: आपली पद्धत एका वाक्यात लिहिता येते का? ‘आम्ही अमुक इतक्या ऑब्जेक्टचे आणि अमुक इतक्या युजरचे पैसे भरतो, लाइव्हवर चढवायला तमुक लागतं.’ वाक्य पूर्ण होत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: फुकटच्या डेव्हलपर आवृत्त्या नीट वाचा

ईआरपीच्या लायसन्सकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्याच्या खालच्या डेटाबेसकडे आणि साधनांकडे नसतं. लायसन्सच्या तपासणीत नेमकं तेच सापडतं.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून मोफत आहे. एसक्यूएल सर्व्हर २०२२ पर्यंत तिच्यात एंटरप्राइझ या सगळ्यात वरच्या आवृत्तीची सगळी वैशिष्ट्यं असतात, पण ती लाइव्ह कामाला वापरता येत नाही. यात दोन खड्डे आहेत. पहिला कायदेशीर, तो उघड आहे. दुसरा तांत्रिक. लाइव्हवर स्टँडर्ड आवृत्ती असेल, तर डेव्हलपमेंटवर चाललेली गोष्ट तिथे अडू शकते. टेबल वापरात असतानाच त्याचा इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) नव्याने बांधणं एंटरप्राइझमध्ये चालतं, स्टँडर्डमध्ये चालत नाही. रात्रीच्या देखभालीच्या स्क्रिप्टमध्ये ती एक ओळ असली, तर पहिल्या रात्रीच काम अडतं.

ओरॅकलच्या साइटवरून डेव्हलपर लायसन्सखाली उतरवलेला डेटाबेस विकास, चाचणी आणि प्रात्यक्षिकापुरता असतो. त्यावर कंपनीचं रोजचं अंतर्गत काम चालवता येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी मोफत आहे खरी, पण २५० हून जास्त संगणक किंवा १० लाख डॉलरहून जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपनीला ती अंतर्गत व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही. त्याहून लहान कंपनीत एकावेळी पाच जणांपर्यंत चालते. डॉकर डेस्कटॉप या डेव्हलपरच्या आणखी एका साधनाच्या अटी ऑगस्ट २०२१ मध्ये बदलल्या. २५० हून जास्त कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरहून जास्त वार्षिक उत्पन्न, यातलं एक जरी लागू असलं तरी पैसे भरावे लागतात. डेव्हलपर ही साधनं सवयीने उतरवतो, त्याला मर्यादा माहीत नसते. त्याला दोष देऊ नका, यादी द्या.

सावधान: सर्व्हरच्या नावात ‘टेस्ट’ आहे म्हणून तो टेस्ट ठरत नाही, वापर बघितला जातो. मी एके ठिकाणी काम करत होतो. तिथे लाइव्हचा ताण कमी व्हावा म्हणून रोज रात्री डेटाची प्रत डेव्हलपमेंटच्या डेटाबेसवर उतरवायचो. हिशेब विभागाने एकदा एक रिपोर्ट तिथून काढून मागितला. मीच काढून दिला आणि लिंकही दिली. तीन महिन्यांत त्यांचे थकबाकीचे सगळे रिपोर्ट रोज सकाळी तिथूनच निघू लागले. मोफतच्या डेव्हलपर आवृत्तीवर लाइव्ह काम चाललं होतं, आणि ते मी सुरू करून दिलं होतं. लक्षात आल्यावर रिपोर्टसाठी रीतसर लायसन्स घेतलं, पण ते तीन महिने कागदावर कायमचे राहिले. तेव्हापासून डेव्हलपमेंटच्या सर्व्हरवर टीमबाहेरच्या कोणाचंही लॉगिन मी ठेवत नाही.

## टप्पा ५: व्हेंडरला लेखी विचारा

आता फोन उचलायला हरकत नाही, पण उत्तर मेलवर घ्या. टप्पा १ ची शीट आणि टप्पा २ ची आकृती जोडा आणि एवढं विचारा:

- या यादीतला प्रत्येक बदल आमच्या लायसन्सवर लिहिता, चढवता आणि वापरता येईल का? तिन्हीची उत्तरं वेगवेगळी द्या.
- आम्ही लिहिलेल्या कोडची मालकी कोणाची?
- कंत्राटी डेव्हलपर आमच्या लायसन्सवर काम करू शकतो का, की त्याने स्वतःचं आणायचं?
- बदल केलेल्या भागाला सपोर्ट मिळतो का? मिळत नसेल तर दोष कोणाच्या कोडचा आहे, हे कोण ठरवणार?
- वार्षिक देखभाल थांबवली तर चालू बदल चालत राहतील का? नवीन लिहिता येतील का?
- बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या वापरकर्त्यांची मोजणी कशी होते?

शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ घालवा. डियाजिओ या मद्य कंपनीने सेल्सफोर्सवर दोन ॲप बांधली आणि ती एसएपीला जोडली. एक तिच्या विक्री प्रतिनिधींसाठी होतं, दुसरं ग्राहकांना ऑर्डर देता यावी म्हणून. मधल्या जोडणीच्या सॉफ्टवेअरचे पैसे आपण भरलेत, एवढं पुरेसं आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने ते मानलं नाही. ॲपमधून अप्रत्यक्षपणे एसएपी वापरणाऱ्यांनाही नाव लावलेलं युजर लायसन्स लागतं, असा निकाल दिला. एसएपीचा दावा ५ कोटी ४० लाख पौंडांच्या वर होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, एसएपीने माणसांऐवजी तयार होणाऱ्या कागदपत्रांवर मोजणी करणारी पद्धत आणली. त्यात नऊ प्रकारची कागदपत्रं मोजली जातात.

जोडणी लिहिणारा डेव्हलपर एपीआय चालतोय का, एवढंच बघतो. त्या एपीआयपलीकडे किती माणसं उभी आहेत, हे शीटच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात तुम्ही आधीच लिहिलेलं असतं. म्हणून ते रकाने रिकामे ठेवू नका.

तपासा: ‘साधारणपणे चालतं’, ‘कोणी अडवत नाही’ अशी उत्तरं आली तर तोच प्रश्न करारातल्या कलमाचा क्रमांक मागून परत पाठवा.

## टप्पा ६: एकच छोटा बदल शेवटपर्यंत नेऊन बघा

पैसे भरण्याआधी चाचणी लायसन्स किंवा सॅन्डबॉक्स मागा. यादीतला सगळ्यात छोटा एक्स्टेन्शन निवडा, समजा ग्राहकाच्या स्क्रीनवर एक जादा रकाना. आता याच क्रमाने जा:

१. कोड लिहा आणि सोर्स आपल्याच रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत) ठेवा.
२. दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर तो सोर्स उतरवून नव्याने बिल्ड करा.
३. ज्या लायसन्सवर लाइव्ह चालणार आहे, त्याच लायसन्सच्या टेस्ट सर्व्हरवर चढवा.
४. ॲडमिनने नव्हे, साध्या युजरने लॉगिन करून रकाना भरा, जतन करा, परत उघडा.
५. व्हेंडरचं पुढचं अपडेट टेस्टवर लावा आणि चौथी पायरी पुन्हा करा.
६. बदल काढून टाका. रकान्यातल्या डेटाचं काय होतं, ते बघा.

चौथी पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि लायसन्सचे दोष तिथेच उघडे पडतात, कारण ॲडमिन आणि डेव्हलपरच्या लॉगिनला सगळंच दिसतं. काही ठिकाणी प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या अटीही याच वेळी समोर येतात. सेल्सफोर्समध्ये एपेक्स या त्याच्याच भाषेतला कोड लाइव्हवर चढवायला किमान ७५ टक्के कोड टेस्टखाली आलेला असावा लागतो. टेस्ट लिहिण्याचे दिवस वेळापत्रकात धरलेले नसतील, तर ते आत्ता धरा.

सावधान: तिसरी पायरी पार्टनरच्या सर्व्हरवर केली तर ती झालीच नाही, असं समजा.

## टप्पा ७: खरेदी, आणि लगेच नोंदवही

गरजेपुरतंच घ्या. बहुतेक ठिकाणी लायसन्स नंतर वाढवता येतं, करार चालू असताना कमी करणं अवघड असतं. कुठलं लायसन्स कोणाच्या नावावर, कुठल्या सर्व्हरवर, कधीपर्यंत, आणि कुठल्या मेलमध्ये कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, हे एकाच जागी लिहून ठेवा. मेल एकट्या डेव्हलपरच्या खात्यात राहू देऊ नका. तो नोकरी सोडतो आणि उत्तरं त्याच्याबरोबर जातात.

माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करा आणि लायसन्स नवीन माणसाच्या नावावर करून घ्या. नाव लावलेलं लायसन्स असं बदलता येतं की नाही, आणि किती दिवसांनी, हे करारात बघा. एकच लॉगिन दोघांनी आलटून पालटून वापरणं सहसा मान्य नसतं, आणि लॉगिनच्या नोंदींत ते स्पष्ट दिसतं. नूतनीकरणाची तारीख नोंदवताना करारातली नोटिशीची मुदत मागे मोजून आठवण लावा. त्या दिवशी टप्पा १ ची शीट पुन्हा उघडा. वर्षभरात व्हेंडरने कुठला बदल मूळ सॉफ्टवेअरमध्येच आणला असेल, तर तुमचा तो कोड काढून टाका, आणि त्याच्यापुरते घेतलेले ऑब्जेक्ट किंवा सॅन्डबॉक्स नूतनीकरणातून वगळायला सांगा.